गेममधली मासामुने तलवार ज्याच्या नावाने ओळखली जाते, त्या लोहाराने आपल्या तलवारींवर नाव क्वचितच कोरलं

फायनल फँटसी सेव्हन खेळलेल्या माणसाला सेफिरॉथ विसरता येत नाही. लांब रुपेरी केस, काळा कोट आणि हातात स्वतःच्या उंचीपेक्षाही लांब तलवार. १९९७ साली आलेल्या या गेममध्ये एरिथचा जीव घेणारी तलवार तीच. तिचं नाव मासामुने.

सेफिरॉथच्या दहा वर्षं आधी, १९८७ साली आलेल्या पहिल्या फायनल फँटसीतही सगळ्यात ताकदवान शस्त्र मासामुनेच होतं. १९९५ च्या क्रोनो ट्रिगर गेमच्या इंग्रजी आवृत्तीत तर मोडलेली मासामुने तलवार जोडून ती बेडकाचं रूप मिळालेल्या एका योद्ध्याच्या हातात द्यावी लागते. तेव्हापासून आजपर्यंत कितीतरी गेम्समध्ये हे नाव आलं. बहुतेक वेळा ते अशाच तलवारीला मिळतं, जी गेमच्या शेवटी शेवटी सापडते आणि जी मिळाल्यावर बाकीच्या तलवारी फेकून द्याव्याशा वाटतात.

पण मासामुने हे मुळात तलवारीचं नाव नाही. ते एका माणसाचं नाव आहे. साधारण सातशे वर्षांपूर्वी जपानच्या कामाकुरा शहरात भट्टीसमोर बसून घण मारणारा हा लोहार. जपानी तलवारींच्या इतिहासातलं सगळ्यात मोठं नाव त्याचं, आणि गंमत म्हणजे त्याने हे नाव आपल्या कामावर क्वचितच कोरलं. आज एखाद्या तलवारीवर मासामुने अशी सही दिसली, तर जाणकारांच्या मनात पहिली शंका येते ती तलवार नकली असल्याची.

मग हा माणूस कोण होता? त्याचं नाव एवढं मोठं कसं झालं? आणि त्याच्या तलवारी आज आहेत कुठे?

कामाकुरा शहर आणि समुद्रातून आलेलं संकट

मासामुनेचा जन्म परंपरेप्रमाणे १२६४ चा आणि मृत्यू १३४३ चा मानला जातो. जन्माची नोंद, घरदाराचे कागद असं काही हाती नाही. त्याच्या तलवारींवरून आणि त्याच्या गुरूच्या काळावरून एवढं नक्की सांगता येतं की तेराव्या शतकाच्या शेवटी आणि चौदाव्या शतकाच्या सुरुवातीला तो काम करत होता.

त्याचं पूर्ण नाव सांगितलं जातं ते ओकाझाकी गोरो न्यूदो मासामुने. गोरो हे नाव जपानमध्ये पाचव्या मुलाला देण्याची पद्धत होती. न्यूदो म्हणजे बौद्ध दीक्षा घेऊन मुंडण केलेला, पण मठात न जाता संसारात राहिलेला माणूस. त्याच्याबद्दलची खासगी माहिती एवढीच, आणि तीही नावातूनच मिळते.

त्याच्या शहराबद्दल मात्र भरपूर माहिती आहे. कामाकुरा हे तेव्हाच्या जपानचं खरं सत्ताकेंद्र होतं. सम्राट क्योटोत बसायचा, पण हुकूम चालायचा तो कामाकुरातल्या सामुराई सरकारचा. शोगुन नावापुरता आणि सगळा कारभार होजो घराण्याच्या हातात, अशी व्यवस्था होती. आपल्याकडे छत्रपती साताऱ्यात आणि कारभार पुण्यात पेशव्यांकडे होता, त्यावरून याची कल्पना करता येईल. जिथे सामुराई, तिथे तलवारीला मागणी. त्यामुळे क्योटोजवळचे आणि बिझेन प्रांतातले नावाजलेले लोहार कामाकुरात येऊन राहिले.

अशात १२७४ साली मंगोल आले. कुबलाई खानाच्या आरमाराने आधी त्सुशिमा बेट घेतलं आणि मग ते क्युशूच्या किनाऱ्यावर उतरलं. २०२० साली आलेला घोस्ट ऑफ त्सुशिमा हा गेम याच हल्ल्यावर बेतलेला आहे. परंपरेने दिलेलं साल धरलं, तर तेव्हा मासामुने दहा वर्षांचा पोरगा होता. १२८१ साली मंगोल पुन्हा आले आणि वादळात त्यांची जहाजं बुडाली.

या गेममधला नायक जिन साकाई कमरेला कताना लावून फिरतो. प्रत्यक्षात त्या काळचे सामुराई ताची नावाची जास्त लांब आणि जास्त वाकलेली तलवार वापरायचे. घोड्यावरून वार करायला ती सोयीची होती आणि धार खाली ठेवून ती कमरेला लटकवली जायची. धार वर ठेवून पट्ट्यात खोचायची कताना नंतरच्या काळात रुळली. हा फरक पुढे फार महत्त्वाचा ठरणार आहे, कारण मासामुनेची सही न सापडण्यामागे त्याचाही हात आहे.

मंगोलांशी लढताना जपानी तलवारींच्या उणिवा उघड्या पडल्या आणि म्हणून नव्या तलवारी घडवल्या गेल्या, असं अनेकदा सांगितलं जातं. नेमका किती बदल या युद्धामुळे झाला, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. पण नव्या पद्धतीची तलवार याच काळात, याच शहरात तयार झाली एवढं खरं. ती घडवणाऱ्यांमध्ये सगळ्यात पुढे मासामुने होता.

त्याने असं काय वेगळं केलं?

मासामुनेचा गुरू शिंतोगो कुनिमित्सु. कामाकुराच्या तलवारशैलीचा पाया घालणारा माणूस म्हणून त्याचं नाव घेतलं जातं. त्याचाच दुसरा शिष्य युकिमित्सु. काही परंपरा युकिमित्सुला मासामुनेचा बाप मानतात, काही थोरला गुरुबंधू. या गुरुशिष्यांनी उभी केलेली पद्धत सागामी प्रांताच्या नावावरून सोशू शैली म्हणून ओळखली जाते.

ही पद्धत समजून घ्यायची तर आधी जपानी तलवार बनते कशी ते पाहावं लागेल.

जपानमध्ये लोखंड मिळायचं ते लोहयुक्त काळ्या वाळूतून. ही वाळू आणि कोळसा मातीच्या मोठ्या भट्टीत दिवसरात्र जाळायचा आणि तळाशी जो पोलादाचा गोळा तयार होईल तो फोडून काढायचा. या गोळ्यातलं सगळं पोलाद सारखं नसतं. कुठे कार्बन जास्त, म्हणजे तुकडा कडक पण ठिसूळ. कुठे कार्बन कमी, म्हणजे मऊ पण चिवट. लोहार हे तुकडे डोळ्यांनी पारखून वेगळे करतो, तापवतो, ठोकतो, दुमडतो आणि पुन्हा ठोकतो.

सामुराईच्या तलवारीला हजार वेळा दुमडलेलं असतं, ही इंटरनेटवर फिरणारी गोष्ट खरी नाही. घड्या साधारण दहा ते पंधरा पडतात. पण प्रत्येक घडीला थर दुप्पट होतात. त्यामुळे पंधरा घड्यांत थरांची संख्या बत्तीस हजारांच्या पुढे जाते. यातून मळ बाहेर पडतो आणि पोलाद एकजीव होतं.

त्यानंतरचं काम सगळ्यात जोखमीचं. पात्यावर मातीचा लेप द्यायचा, पाठीकडे जाड आणि धारेकडे पातळ. मग पातं लालबुंद तापवून पाण्यात बुडवायचं. आपल्याकडे लोहार याला पाणी पाजणं म्हणतात. पातळ लेपाखालची धार झटकन थंड होऊन टणक होते. जाड लेपाखालची पाठ हळू थंड होते आणि चिवट राहते. दोन्हीच्या सीमेवर एक धूसर पांढरी रेघ उमटते, तिला हामोन म्हणतात. पातं जरा जास्त तापलं किंवा पाणी जरा जास्त गार असलं की धारेला तडा जातो आणि कित्येक दिवसांची मेहनत भंगारात.

म्हणूनच पाणी किती गरम ठेवायचं हे गुपित मानलं जायचं. मासामुनेच्या नावावर एक दंतकथा आहे. त्याच्या एका शिष्याने पाण्याचा अंदाज घ्यायला चोरून हात बुडवला आणि गुरूने जागच्या जागी तो हात तोडला, असं ती सांगते. असं काही घडल्याचा पुरावा नाही. पण पाण्याच्या अंदाजावर सगळं किती अवलंबून होतं, ते या गोष्टीवरून कळतं.

मासामुनेचं वेगळेपण इथेच होतं. कडक आणि मऊ पोलाद एकत्र करून, ते जास्त तापवून आणि वेगाने थंड करून तो असं पातं काढायचा, ज्यावर पोलादाचे टपोरे चमकदार कण उठून दिसतात. जपानी भाषेत त्यांना निए म्हणतात. दव पडलेल्या पानावर ऊन यावं तसे ते चमकतात. त्यात मधूनच विजेच्या रेघेसारख्या वळणदार चकाकत्या ओळी दिसतात. एवढं तापवून पातं शाबूत ठेवणं भल्याभल्यांना जमत नव्हतं. पुढे अनेक लोहारांनी ही पद्धत उचलली, पण त्याच्याइतक्या सहजतेने ती फार कमी जणांना जमली.

त्याचा वारस सादामुने. तो मासामुनेचा मुलगा किंवा दत्तक मुलगा असावा, असं मानलं जातं. शिवाय मासामुनेचे दहा महान शिष्य अशी एक यादी नंतरच्या काळात लोकप्रिय झाली. त्यातले सगळेच त्याच्या हाताखाली शिकले असं आजचे अभ्यासक मानत नाहीत, पण त्याच्या कामाची छाप लांबलांबच्या प्रांतांत पोचली होती हे त्या यादीतून दिसतं.

१३३३ साली कामाकुराचं सरकार पडलं. शहर जळालं, सत्ता क्योटोकडे गेली. म्हातारा मासामुने त्यानंतर काही वर्षं जगला, असं परंपरा सांगते.

सही का नाही?

मासामुनेची सही असलेली आणि जाणकारांनी अस्सल मानलेली शस्त्रं अगदी हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी आहेत, आणि ती खंजीर या प्रकारातली आहेत. त्यांतलं फुदो मासामुने हे सगळ्यात प्रसिद्ध. या खंजिराच्या पात्यावर फुदो म्यो-ओ या देवतेची आकृती कोरलेली आहे. ही देवता मूळची आपल्याकडची. संस्कृतमध्ये तिचं नाव अचल. बौद्ध धर्माबरोबर चीनमार्गे ती जपानमध्ये गेली आणि हातात तलवार घेतलेला हा उग्र देव सामुराईंना जवळचा वाटला.

बाकीच्या तलवारींवर सही का नाही, याची दोन कारणं दिली जातात. पहिलं असं की तो सत्ताधाऱ्यांसाठी काम करायचा, त्यामुळे नाव कोरण्याची गरज नव्हती. दुसरं कारण जास्त ठोस आहे. जपानी लोहार सही करतो ती पात्याच्या मुठीत जाणाऱ्या भागावर. कामाकुरा काळातल्या ताची लांब होत्या. पुढच्या शतकांत लढाई घोड्यावरून जमिनीवर आली, कताना रुळली आणि जुन्या लांब तलवारी मालकांनी कापून आखूड करून घेतल्या. कापायचा भाग अर्थातच मुठीकडचा, कारण टोकाला हात लावला तर तलवारच जाते. सही असलीच तर ती अशी कापलेल्या तुकड्याबरोबर गेली.

मग तलवार मासामुनेची आहे हे ठरवायचं कुणी? इथे होनआमी घराणं येतं. तलवारी घासून चकचकीत करणं, त्यांची निगा राखणं आणि त्या कुणी घडवल्या ते सांगणं हा या घराण्याचा पिढीजात व्यवसाय. पोलादाचे कण, हामोनची वळणं, पात्याचा आकार पाहून ते लोहाराचं नाव सांगायचे. तलवार आखूड केलेली असली तर मुठीतल्या भागावर सोन्याच्या अक्षरांत तसं लिहून द्यायचे. तोक्यो राष्ट्रीय संग्रहालयातल्या एका तलवारीवर अशीच नोंद आहे. जो इझुमी या सरदाराची तलवार, मासामुनेने घडवलेली, आखूड केलेली, एवढा मजकूर आणि खाली होनआमींची खूण.

म्हणजे आज आपण ज्यांना मासामुने म्हणतो त्यांतल्या बहुतेक तलवारींवर मासामुनेचा शब्द नाही. त्याच्यानंतर अडीच-तीनशे वर्षांनी आलेल्या पारख्यांचा शब्द आहे.

लोहार गेला, नाव वाढत गेलं

मासामुने त्याच्या हयातीत नावाजलेला होता, पण त्याला दंतकथा बनवलं ते सोळाव्या शतकातल्या राजकारणाने. शंभर वर्षं चाललेली यादवी संपवून तोयोतोमी हिदेयोशीने जपान एका छत्राखाली आणला. सरदारांना बक्षीस म्हणून द्यायला जमीन अपुरी पडू लागली, तेव्हा नामांकित तलवारी आणि चहाची भांडी यांना जहागिरीइतकी किंमत आली. हिदेयोशीला मासामुनेच्या तलवारींचा विलक्षण शौक होता. त्यामुळे ज्याच्याकडे मासामुने तो मोठा माणूस, असं समीकरण तयार झालं.

या काळात एकेका तलवारीला टोपणनाव आणि स्वतःची गोष्ट मिळाली. त्यातल्या दोन गोष्टी जपानमध्ये आजही सांगितल्या जातात.

पहिली इशिदा मासामुनेची. इशिदा मित्सुनारी हा हिदेयोशीचा विश्वासू कारभारी. हिदेयोशी वारल्यावर १५९९ साली सात सेनापती त्याच्या जिवावर उठले. तोकुगावा इएयासुने मध्यस्थी केली आणि आपला मुलगा युकी हिदेयासु याला सोबतीला देऊन मित्सुनारीला त्याच्या किल्ल्याकडे सुखरूप रवाना केलं. निरोप घेताना मित्सुनारीने कृतज्ञता म्हणून आपली मासामुने त्या तरुणाला दिली. पुढच्याच वर्षी सेकिगाहाराच्या रणांगणावर मित्सुनारी आणि इएयासु समोरासमोर आले. मित्सुनारी हरला आणि त्याला ठार करण्यात आलं. तलवार मात्र हिदेयासुच्या घराण्यात राहिली. तिच्यावर वार अडवल्याच्या खाचा आहेत. आज ती तोक्यो राष्ट्रीय संग्रहालयात आहे.

दुसरी होनजो मासामुनेची. होनजो शिगेनागा या सरदारावर एका शत्रूने याच तलवारीने वार केला. शिरस्त्राण फाटलं, पण होनजो वाचला, त्याने शत्रूला मारलं आणि तलवार घेतली. पुढे पैशांची चणचण आली तेव्हा त्याला ती विकावी लागली. हातोहात फिरत ती तोकुगावा इएयासुकडे आली आणि नंतर शोगुन घराण्याची मानाची तलवार झाली.

इएयासुने १६०३ साली शोगुनपद मिळवलं आणि त्याच्या घराण्याने पुढे अडीचशेहून जास्त वर्षं राज्य केलं. १७१९ साली आठव्या शोगुनने होनआमींकडून देशातल्या नामांकित तलवारींची यादी करून घेतली. त्या यादीत सर्वाधिक मान मिळालेल्या तीन लोहारांत मासामुने होता. जळालेल्या तलवारींचीही त्यात नोंद आहे, कारण १६१५ साली ओसाकाचा किल्ला पडला तेव्हा आणि १६५७ साली एदो शहराला लागलेल्या महाभयंकर आगीत कितीतरी नामांकित तलवारी भाजून निघाल्या होत्या. आगीत सापडलेल्या पात्याचं पाणी उतरतं. काही पाती पुन्हा पाणी पाजून वाचवली गेली, पण मूळ लोहाराच्या हाताची खूण त्यातून पुसली गेली.

मुरामासाची बदनामी

मासामुनेची गोष्ट मुरामासाशिवाय पुरी होत नाही, कारण गेम्सनी या दोघांना कायमचं एकमेकांसमोर उभं केलंय. १९८१ च्या विझर्ड्री या जुन्या गेममध्ये मुरामासा हे सगळ्यात जबरदस्त हत्यार होतं. टेरारियात ती अंधारकोठडीत सापडते. २००९ साली तर मुरामासाच्या शापित तलवारींवर अख्खा गेमच आला. मासामुने म्हणजे पवित्र तलवार आणि मुरामासा म्हणजे रक्ताला चटावलेली तलवार, अशी वाटणी ठरून गेलीय.

यामागची दंतकथा प्रसिद्ध आहे. गुरू मासामुने आणि शिष्य मुरामासा यांनी आपापली तलवार ओढ्यात उभी रोवली. मुरामासाच्या तलवारीने वाहत आलेलं प्रत्येक पान, प्रत्येक मासा कापला. मासामुनेच्या तलवारीजवळून पानं न कापता वळून गेली. जे निष्पाप आहे त्याला जी कापत नाही ती तलवार श्रेष्ठ, असा निवाडा एका भिक्षूने केला.

गोष्ट छान आहे, पण घडणं अशक्य. मुरामासा इसे प्रांतातल्या कुवानाचा लोहार. त्याच्या एका तलवारीवर १५०१ साल कोरलेलं आहे. म्हणजे तो मासामुनेनंतर जवळपास दोनशे वर्षांनी आला.

मग त्याच्यावर शापाचा शिक्का का बसला? कारण इएयासुचं घराणं. इएयासुचा आजोबा १५३५ साली आपल्याच माणसाच्या हातून मारला गेला, ती तलवार मुरामासाची. बापावर हल्ला झाला, तो मुरामासाने. १५७९ साली थोरल्या मुलाला आत्महत्या करावी लागली, तेव्हा त्याचं डोकं उडवायला वापरलेली तलवारही मुरामासाची, असं सांगितलं जातं. पण कुवाना इएयासुच्या मिकावा प्रांतापासून जवळ होतं. तिथल्या धारदार आणि परवडणाऱ्या तलवारी मिकावाच्या सामुराईंकडे सर्रास असायच्या. त्यामुळे खुनात त्याच सापडणं हा शाप नसून भूगोल होता. खुद्द इएयासुच्या संग्रहात मुरामासाची तलवार होती आणि ती आज नागोयाच्या तोकुगावा कला संग्रहालयात आहे.

तरीही बदनामी पसरली. तोकुगावांच्या राजवटीत अनेकांनी आपल्या तलवारींवरची मुरामासाची सही घासून काढली किंवा बदलली. त्याच काळात नकली तलवारींवर मासामुनेची सही कोरून त्या विकल्या जात होत्या. ज्याने सही केली त्याची पुसली गेली आणि ज्याने केली नाही त्याच्या नावावर ढिगाने सह्या जमा झाल्या.

मासामुने होऊन गेला की नाही?

१८६८ नंतर सामुराईंचं राज्य संपलं. १८७६ साली कमरेला तलवार लावून फिरण्यावर बंदी आली. होनआमींच्या शब्दामागे असलेली शोगुनची सत्ता राहिली नाही, तेव्हा प्रश्न विचारायला लोक मोकळे झाले.

१८९६ साली इमामुरा चोगा या नावाजलेल्या तलवार-पारख्याने वर्तमानपत्रातून खळबळ उडवून दिली. सही केलेल्या तलवारी जवळपास नाहीत आणि हिदेयोशीच्या आधी मासामुनेचा एवढा गाजावाजा दिसत नाही. त्यामुळे सरदारांना बक्षीस द्यायला महागड्या तलवारी हव्या होत्या म्हणून हिदेयोशी आणि होनआमींनी हे नाव फुगवलं, असा त्याच्या म्हणण्याचा रोख होता. जपानचा सर्वश्रेष्ठ लोहार मुळात अस्तित्वातच नव्हता की काय, यावर वाद पेटला.

उत्तर जुन्या कागदांत मिळालं. तलवारींच्या माहितीचा एक फार जुना ग्रंथ १४२३ साली नकललेल्या प्रतीतून टिकलाय, म्हणजे हिदेयोशीच्या जन्माच्या शंभरेक वर्षं आधीचा. कामाकुराच्या लोहारांमध्ये मासामुनेचं नाव त्यात आहे. फुदो मासामुनेसारखे सही असलेले खंजीर आणि त्यांच्याशी कारागिरी जुळणारी बिनसहीची पाती होतीच. त्यामुळे मासामुने होऊन गेला आणि तो थोर होता, हे आज अभ्यासक मान्य करतात. इमामुराचा एक मुद्दा मात्र टिकून राहिला. नाव मोठं करण्यात सत्तेचा हात होता.

हरवलेली तलवार

१९४५ साली दुसऱ्या महायुद्धात जपान हरला. अमेरिकन लष्कराने सगळी शस्त्रं जमा करण्याचा हुकूम काढला आणि त्यात तलवारीही आल्या. सैनिकाची कारखान्यात बनलेली तलवार आणि सातशे वर्षांची कलाकृती यात फरक करायला सुरुवातीला कुणी नव्हतं. होनमा जुंजी यांच्यासारख्या अभ्यासकांनी अधिकाऱ्यांना समजावून कलात्मक तलवारींना सूट मिळवून दिली, पण तोवर असंख्य तलवारी वितळवल्या गेल्या, समुद्रात टाकल्या गेल्या किंवा आठवणीची भेट म्हणून सैनिकांच्या सामानातून अमेरिकेला गेल्या.

तोकुगावा घराण्याचे वारस तोकुगावा इएमासा यांनी कायदा पाळला. डिसेंबर १९४५ मध्ये त्यांनी घराण्याच्या चौदा तलवारी तोक्योतल्या मेजिरो पोलीस ठाण्यात जमा केल्या. त्यात होनजो मासामुने होती. १९३९ सालीच सरकारने तिला राष्ट्रीय ठेवा घोषित केलं होतं. जानेवारी १९४६ मध्ये एक अमेरिकन सार्जंट येऊन त्या तलवारी घेऊन गेला. ठाण्यातल्या नोंदीत जपानी उच्चारावरून लिहिलेलं त्याचं नाव कोल्डी बायमोर असं वाचलं जातं. या नावाचा सैनिक नंतर सापडला नाही आणि तलवारही नाही. ती वितळवली गेली की अमेरिकेतल्या एखाद्या घराच्या माळ्यावर आजही पडून आहे, याचा शोध अजून सुरू आहे.

असा शोध अगदीच वेडेपणा नाही. शिमाझु मासामुने ही दुसरी एक तलवार सुमारे दीडशे वर्षं बेपत्ता होती. २०१३-१४ च्या सुमारास क्योटो राष्ट्रीय संग्रहालयाकडे आलेली एक तलवार तपासताना ती हीच असल्याचं अभ्यासकांच्या लक्षात आलं. आणखी एक मासामुने अमेरिकेत अगदी उघडपणे आहे. जनरल वॉल्टर क्रूगर यांनी ती राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांना भेट दिली होती आणि मिसुरी राज्यातल्या ट्रुमन ग्रंथालयात ती ठेवलेली आहे.

गेममधली लांब, खरी मात्र वीतभर

जपानने आज मासामुनेची नऊ पाती राष्ट्रीय ठेवा म्हणून जपली आहेत. गेम खेळणाऱ्यांना आश्चर्य वाटेल, पण त्यातल्या पाच तलवारी नसून खंजीर आहेत. त्यांपैकी तीन तर इतके रुंद आणि आखूड आहेत की त्यांना होचो मासामुने, म्हणजे स्वयंपाकघरातल्या सुरीसारखे मासामुने, असंच नाव पडलंय. लांबी जेमतेम वीस-पंचवीस सेंटीमीटर. सेफिरॉथच्या हातातली तलवार ज्याच्या नावावर आहे, त्याचं टिकलेलं उत्तम काम हे असं वीतभर आहे.

पण गेम्सनी या लोहाराचं नुकसान केलं असं म्हणता येत नाही. २०१५ साली जपानमध्ये तोकेन रानबू नावाचा गेम आला. त्यात ऐतिहासिक तलवारीच देखण्या तरुणांच्या रूपात येतात. ह्युगा मासामुने हा राष्ट्रीय ठेवा असलेला खंजीरही त्यात एक पात्र आहे. या गेममुळे तलवारींच्या प्रदर्शनांपुढे तरुण मुलींच्या रांगा लागू लागल्या. ज्या दालनांत पूर्वी म्हातारे शौकीन तेवढे दिसायचे, तिथे काचेला नाक लावून पोरी पोलादाचे कण बघू लागल्या.

कामाकुरात होनकाकुजी नावाचं देऊळ आहे. तिथे मासामुनेची म्हणून दाखवली जाणारी समाधी आहे. त्याची परंपरा सांगणारं तलवारींचं एक दुकानही याच शहरात आहे. पण हा माणूस खरंच भेटावा असं वाटत असेल, तर तोक्यो किंवा नागोयाच्या संग्रहालयात जावं लागतं. काचेपलीकडचं पातं दिव्याखाली थोडं खाली वाकून बघितलं की हामोनच्या कडेने ते दवासारखे कण चमकतात. त्यावर कुणाचं नाव नसतं. सातशे वर्षांपूर्वी कुणीतरी पातं नेमक्या क्षणी भट्टीतून काढून पाण्यात बुडवलं, एवढीच नोंद त्यावर असते.